दाभोळच्या धक्क्यावर शोभाची वाट पाहताना

नागपूरकराला चढ ठाऊक असतो तो उड्डाणपुलाचा. मनीषनगरच्या पुलावर न उतरता सायकल चढवली की आमच्या भागात माणसाला सायकलपटू समजतात, आणि त्या हिशेबाने मी आणि शोभा बरीच वर्षं सायकलपटू आहोत. त्यामुळे कोकणच्या सहलीचा नकाशा पाहून आम्ही जो निष्कर्ष काढला, तो आम्हीच काढू जाणे. रस्ता समुद्राच्या काठाने जातो, समुद्र सपाट असतो, म्हणजे रस्ताही सपाट असणार. शोभाच्या मिस्टरांनी, मी त्यांना भाऊजी म्हणते, "तिकडं चढ लय असते म्हणे" अशी शंका काढून पाहिली. "घाट उतरूनच तर खाली जाऊन राहिलो आपण. मंग चढ कुठून येईन?" असं शोभाने सुनावलं आणि भाऊजी पेपरात तोंड घालून बसले.

ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांना आधीच सांगून ठेवते. कोकणातला किनाऱ्याचा रस्ता समुद्राला जेमतेम भेटतो आणि लगेच डोंगरावर पळतो. वरून समुद्र दाखवतो, पुन्हा खाली आणतो, पुन्हा पळतो. दिवसभर हेच.

शोभा माझी समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण. आता 'होती' म्हणायला हवं, कारण हे लिहिताना समोर नवीन लोक पडदे लावताहेत. तिचा मुलगा निखिल पुण्यात नोकरीला आहे. भाऊजी निवृत्त झाले, मुलाने जवळच घर बघितलं आणि मनीषनगरचा फ्लॅट विकून टाकायचं ठरलं. मी लग्न केलं नाही. सरकारी कचेरीत लिपिक आहे, आई होती तोवर आईबरोबर राहिले, आणि आई गेल्यापासून एकटी राहते. पन्नाशी जवळ आल्यावर गुडघ्यांसाठी म्हणून दोघींनी सायकली घेतल्या. रविवारी मौद्याच्या बाजूला, हिवाळ्यात रामटेक, धानाच्या बांध्यांमधून जाऊन तलावाच्या काठावर डबा खाऊन परत. समुद्रावर जाऊ, हे मी दर वर्षी म्हणायची आणि शोभा दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलायची. यंदा तीच म्हणाली, "चाल वं मंदा, जाऊन येऊ. मंग कुठं होते आपलं."

म्हणून जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारला रजा जोडून आम्ही निघालो. माझ्या मनात एक वेगळंच काम होतं. शोभा जाणार हे ठरल्यापासून मी सगळ्यांसारखीच "छान झालं, मुलाजवळ राहाल" असं म्हणत होते. पण ती गेल्यावर माझं काय होणार, या विचाराने मला संध्याकाळी घरात पाऊल टाकवत नव्हतं. हे तिला सांगायचं होतं. तिने थांबावं म्हणून नव्हे, थांबणं आता शक्य नव्हतं. तिला निदान ठाऊक असावं, एवढंच. मनीषनगरात ते जमलं नव्हतं. समुद्रावर जमेल असं वाटलं.

बागमांडला ते मुरूड

रेल्वेत सायकली चढवण्याची आणि उतरवण्याची कथा वगळते. त्यात हमालांशी भांडण सोडून काही नाही. शनिवारी सकाळी आम्ही बागमांडल्याच्या धक्क्यावर उभ्या होतो. नागपूरहून निघताना अंगावर स्वेटर होते, इथे सकाळीच घाम. खाडी ओलांडायला मोटारी नेणारी मोठी बोट असते, तिला सगळे फेरी म्हणतात. तिचं पुढचं फळकूट धक्क्यावर आडवं पडतं आणि गाड्या सरळ आत जातात. आमच्या सायकली एका टेम्पोच्या मागे दोरीने बांधल्या आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे वेसवीला उतरवल्या. शोभाने तेवढ्यात बारा फोटो काढून निखिलला पाठवले.

मग पहिला चढ आला. तो संपला तेव्हा शोभा रस्त्यावरच बसली होती. "मंदे, हा समुद्राचा काठ आहे?" तिने विचारलं. समुद्र खाली कुठेतरी होता. मी म्हटलं, "काठच आहे, फक्त उंचावरचा." त्यावर ती जे बोलली ते छापण्यासारखं नाही.

सायकलवरची सोबत ही तशी गमतीची गोष्ट आहे. लोकांना वाटतं दोघी मिळून जातात. प्रत्यक्षात रस्ता अरुंद असतो, मागून एस.टी. येते, एक पुढे जाते आणि एक मागे राहते. पुढची मी, कायम. शोभा जड अंगाची आणि उताराला भिणारी. आमचा नियम असा की प्रत्येक फाट्यावर पुढचीने थांबायचं, मागची दिसली की मगच वळायचं. त्यामुळे मला विचाराल तर आमच्या सगळ्या सहली म्हणजे फाट्यांवर उभं राहणं. झाडाखाली पाय टेकवून मी थांबते, मग वळणावर तिचं निळं हेल्मेट दिसतं, मग "पाणी दे वं." दिवसभरात बोलणं झालं तर ते तिथेच.

केळशीच्या पुढे मात्र रस्ता खरोखरच पाण्याला लागून गेला. आडे, पाडले ही गावं गेली. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला कौलारू घरं आणि आंब्याला आलेला मोहोर. इथली माणसं हळू बोलतात. आपल्याकडे दोन माणसं हवापाण्यावर बोलू लागली तरी लांबून भांडण वाटतं. इथे खरंच भांडत असतील तरी कळणार नाही. रस्ता विचारला की हातातलं काम खाली ठेवून सांगतात, आणि "चढ आहे का?" असं विचारलं की "तसा काही नाही" म्हणतात. या उत्तरावर कोणी विश्वास ठेवू नये.

हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव चालला होता. वाळूवर बैलगाड्या, टोपल्या, कोळणींचा गलका. शोभा आयुष्यात पहिल्यांदा शांत उभी राहिलेली मी पाहिली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. निखिलच्या बायकोला ओट्यासाठी काळा दगड हवा की पांढरा, हे विचारायचं होतं. शोभा लिलावाकडे पाठ करून ओट्यावर बोलत राहिली आणि मी तिची सायकल धरून उभी राहिले.

संध्याकाळी मुरूडच्या किनाऱ्यावर नागपूरची अब्रू गेली. आम्ही सायकली ओल्या वाळूवर आडव्या केल्या आणि लांबपर्यंत चालत गेलो. आमच्या हिशेबाने पाणी जिथे आहे तिथे असतं. आमच्या फुटाळा तलावाचं पाणी काय संध्याकाळी चालत येतं? परत आलो तेव्हा भरती चढली होती, सायकली गुडघाभर पाण्यात होत्या आणि घोडागाडीवाला ओरडत होता, "अहो काकू, तुमच्या गाड्या निघाल्या मुंबईला!" आम्ही धावलो. शोभा हसता हसता लाटेत बसली. मीही हसले. त्या दोन दिवसांत आम्ही दोघी एकाच वेळी हसलो ते तेवढंच.

मुक्काम एका घरात होता, घरच्याच वहिनी जेवायला वाढत. तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, सोलकढी. चव उत्तम, पण सगळ्याच्या वर नारळ. सावजीच्या रश्शावर वाढलेली जीभ वाट बघत बसते की आता तिखट लागेल, आणि ते लागतच नाही. शोभाने पिशवीतून ठेच्याची बाटली काढली. वहिनींनी बोटाच्या टोकावर घेऊन चाखला आणि पाण्याचा तांब्या रिकामा केला.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक मुक्कामी येतो. "मिस्टर नाही आले?"

"माह्ये घरीच आहे, सामान बांधून राहिले," शोभा म्हणाली. "हिनं लग्न नाही केलं. एकटीच राह्यते."

"अगंबाई! मग कंटाळा नाही येत?" वहिनी माझ्याकडे वळल्या.

उत्तर शोभानेच दिलं. "तिले सवय आहे."

तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. थोडा अभिमानच होता. आमच्या इमारतीत सगळे असंच म्हणतात. मंदाताई स्वतःचा गॅस स्वतः जोडते, मंदाताई एकटी गावाला जाते, मंदाताईला सवय आहे. मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. जेवणानंतर ओटीवर बसलो तेव्हा सांगू म्हणून मी दोनदा घसा साफ केला. पण पुण्याहून पुन्हा फोन आला, दगड पांढराच ठरला, आणि शोभा जांभई देत आत गेली.

मुरूड ते दाभोळ

सकाळी घावन आणि चहा. सायकली गोड्या पाण्याने धुतल्या होत्या, तरी खाऱ्या पाण्याने आपलं काम केलंच. शोभाची साखळी करकर वाजू लागली. वहिनींनी खोबरेल तेल आणून दिलं, ते घातल्यावर साखळीला वास चांगला आला, आवाज तसाच राहिला. मला ते बरंच पडलं. मागे वळून न बघता कळायचं की शोभा येते आहे. कर्दे, लाडघर गेलं, बुरोंडीनंतर रस्ता वर चढला. वर सगळं जांभ्या दगडाचं मोकळं पठार, त्याला इथे सडा म्हणतात. वाळलेलं पिवळं गवत, वारा, लांब खाली समुद्राची पट्टी, आणि माणूस नाही. मी पुढे, मागे करकर, कधी जवळ, कधी दूर.

इतका सुंदर रस्ता, आणि मला सारखं रडू येत होतं. पुढच्या रविवारी मागे कोणी नसणार हेच मी घोळत होते. फाट्यावर थांबायचं ते कोणासाठी? फाट्यावर थांबले की सांगायचं, असं मी ठरवायची. शोभा यायची ती धापा टाकत. तशा माणसाला पाणी द्यायचं असतं, असलं काही सांगायचं नसतं. मी पाणी द्यायची.

दाभोळचा उतार सुरू होण्याआधी एका घराच्या फाटकावर कोकम सरबताची पाटी दिसली. सायकल अंगणात फणसाला टेकवली आणि मी आत गेले. आत बाईंनी मिक्सर लावला होता, बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. सरबत पिऊन, बाटली भरून बाहेर आले तर रस्ता शांत. शोभा अजून मागेच, असं मी धरून चालले. दुसरं काही मनातही आलं नाही, कारण इतक्या वर्षांत ती माझ्या पुढे कधीच गेली नव्हती. पुढचा फाटा म्हणजे दाभोळचा धक्काच. तिथून फेरीने खाडी ओलांडली की धोपावे, आणि पुढे गुहागर. उतार लागला तशी मी सरळ खाली गेले आणि धक्क्यावर थांबले.

फेरी आली. मोटारी उतरल्या, मोटारी चढल्या, फेरी गेली. मासळीच्या टोपल्यांवर बगळे बसले होते. फेरी पुन्हा आली, पुन्हा गेली. मी फोन लावला, तो बंद होता. आधी राग आला, बोलून बोलून बॅटरी संपवली असणार. मग तो उतार आठवला. वळणं आठवली, शोभाचे घट्ट दाबलेले ब्रेक, खाऱ्या पाण्यात भिजलेली साखळी.

मी सायकल वळवून तो चढ पुन्हा चढले. प्रत्येक वळणावर उतरून खाली दरीत बघितलं. एका ठिकाणी निळं काहीतरी दिसलं, मी सायकल टाकून कडेला धावले. तो ताडपत्रीचा तुकडा निघाला. सरबतवाल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "नाही हो, तुमच्यानंतर कोणीच नाही आलं आत."

भाऊजींना फोन करावा म्हणून नाव काढलं आणि थांबले. काय सांगणार, तुमची बायको हरवली? तेव्हा एक विचार मनात आला, तो अजून जात नाही. तिथे हरवलेली मी असते, तर शोभाने कोणाला फोन केला असता? माझ्या बाबतीत ज्याला कळवावं असं माणूस एकच, आणि ती शोभाच. रस्त्याच्या कडेला, जांभ्या दगडावर बसून मी मोठ्याने रडले. पठारावर ऐकायला कोणी नव्हतं.

तोंड धुऊन पुन्हा खाली आले. फेरीवर दोर ओढणारा एक माणूस मला मघापासून बघत असावा. "काय हो ताई, कोणाची वाट बघताय?" त्याने विचारलं.

"माझी मैत्रीण मागे आहे. सायकलवर. निळं हेल्मेट, जाड चष्मा."

"त्या होय? त्या केव्हाच पलीकडे गेल्या की! तुम्ही यायच्या आधीच्या फेरीला."

म्हणजे मी तिची वाट बघत इकडे उभी, आणि ती तिकडे. मला हायसं वाटलं आणि लगेच संताप आला. नियम म्हणजे नियम. धक्का हाही फाटाच.

फेरीत मी कठड्याला टेकून उभी राहिले. एका मोटारीतून पुण्याचं कुटुंब उतरलं होतं. त्यातल्या बाईंनी माझी सायकल बघितली, मला बघितलं. "एकट्याच फिरता? किती छान! आम्हाला नाही बाई जमत." मी हसले. अशा वेळी हसायचं असतं, आणि ते मला चांगलं जमतं. त्यांनी माझ्याबरोबर फोटोही काढला.

धोपावे

पलीकडच्या धक्क्यावर परतीच्या गाड्यांची रांग लागली होती. एक जीप, मग आंब्याच्या रिकाम्या पेट्यांचा टेम्पो, आणि दोघांच्या मध्ये शोभा, हेल्मेट घालून, सायकल हातात धरून. डोळे लाल. मी उतरले आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"फोन काहून बंद आहे तुहा?"

"केला बंद."

"माही सायकल दिसली नाही का तुले? फणसाखाली?"

"दिसली," शोभा म्हणाली.

मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. आम्ही सायकली रांगेतून थोड्या बाजूला घेतल्या. शोभाने हेल्मेटचा पट्टा सोडला, पुन्हा लावला.

"मले पाहाचं होतं वं. पुण्याले कोण थांबन माह्यासाठी फाट्या-फाट्यावर? निखिलच्या बाबाईले वेळ नाही, पोराले वेळ नाही. म्हटलं, एक डाव पाहून घ्यावं, तुह्याबिगर जमते का."

"मंग?"

"जमलं." तिने नाक पुसलं. "उतारावर जीव गेला माहा, पण उतरली. बोटीत सायकल बी मीच चढवली, कोणाले हात नाही लावू देला. जमलं."

परीक्षेत पास झालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. माझ्या तोंडात नेहमीची उत्तरं तयार होती. छान झालं, शाब्बास, बघ, मी म्हणत नव्हते का. ती मी आयुष्यभर देत आले आहे.

"मले नाही जमलं," मी म्हटलं.

"काय?"

"मले नाही जमत शोभा. तू सांगते ना सगळ्याईले, तिले सवय आहे. नाही आहे वं मले सवय. आई होती तोवर आई होती, मंग तू होती. एकटं राहाचं कामच नाही पडलं. आता पडून राहिलं, आणि मले भेव वाटून राहिलं."

शोभा माझ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं समोरासमोर राहून तिने मला कधी नीट बघितलं नव्हतं, किंवा मीच बघू दिलं नव्हतं.

"मंग बोलाचं ना वं," ती म्हणाली.

"आता बोलली."

"आता बोलून काय होते? पुढच्या महिन्यात ट्रक येते."

"काही नाही होत. तुले माहीत असावं म्हणून बोलली."

तिने आपला तळहात माझ्या पाठीवर ठेवला. घामाने शर्ट चिकटला होता, तरी तिने हात काढला नाही. समुद्राकडे बघत आम्ही तशाच उभ्या होतो. जीप आत गेली, टेम्पो आत गेला. या धक्क्यावरचा तिकीटवाला फळकुटाजवळ येऊन शोभाकडे बघून ओरडला.

"ओ ताई, चला लवकर! मघापासून परत जायचं, परत जायचं म्हणून मागे लागलाय ना? फेरी सुटतेय!"

मी शोभाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पाठीवरचा हात तिथेच ठेवून तिने दुसऱ्या हाताने त्याला जायची खूण केली.

"नाही जाचं आता, भाऊ," ती ओरडली. "जिले पाहाले जाऊन राहिली होती, ती आली."